तळ्यात तुरटी टाकण्याआधी

ऑस्ट्रेलियात शेतजमीन घेतलेल्या मित्रांनो, तळ्याचं पाणी चहासारखं दिसतंय म्हणून लगेच तुरटीचं पोतं उघडू नका. आजीच्या हंड्यात मासे नव्हते!

आधी काचेच्या बाटलीत पाणी भरून दोन-तीन दिवस हलवू नका. गाळ खाली बसला, तर तो गुरांच्या खुरांनी ढवळलेला किंवा पावसाने वाहून आणलेला. कुंपण घाला, काठावर गवत वाढवा. पाणी तसंच राहिलं, तर ती चिकणमाती समजा. तिचे २ मायक्रॉनहून बारीक, ऋणभारित कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. जिप्सममधलं कॅल्शियम किंवा तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार शमवतं. कण एकत्र येऊन तळाशी बसतात. पण तुरटीने पाणी आम्लधर्मी होतं. सामू फार उतरला, तर विरघळलेलं ॲल्युमिनियम माशांच्या जिवावर उठतं. जिप्सम सावकाश काम करतं, तरी माझी पसंती त्यालाच. मात्रा आधी बादलीत तपासा.

आणि लक्षात ठेवा, नितळ पाण्यात ऊन खोल जातं. शेतातलं खत वाहून येत असेल तर शेवाळ माजेल. म्हणून माझं म्हणणं एवढंच: आधी माती अडवा, मग पाणी निवळवा.