पीडीएफच्या नावानं चांगभलं!

"सगळं पीडीएफ करून टाका" हा हल्लीचा मंत्र झालाय. जुने इंद्रजाल कॉमिक्स जपणारी आपली मंडळीही या नादाला लागली आहेत, आणि मला त्यांच्याशी भांडायचं आहे.

सीबीझेड म्हणजे काय हो? पानांच्या चित्रांची साधी झिप! शेवटची तीन अक्षरं बदलून झिप लिहा, कुठल्याही संगणकावर उघडेल. सीबीआरमध्ये झिपऐवजी रार असतं. ते उघडायला फुकट मिळतं, पण बनवण्याचं तंत्र मालकीचं. म्हणून सीबीआरचं सीबीझेड करणाऱ्याला माझा पाठिंबा. त्यात चित्राला धक्का लागत नाही.

पीडीएफचंही तसं करता येतं. आयएमजीटूपीडीएफ नावाचं फुकट सॉफ्टवेअर जेपेग चित्र जसंच्या तसं आत ठेवतं. पण आपले लोक ते वापरतील तर शपथ! कुठल्याशा साइटवर फाइल चढवायची, 'लहान करा' वर टिचकी मारायची, 60 एमबीचे 8 झाले की खूश. लहान झाली म्हणजे काय झालं, ते कोण बघतो? चित्र दुसऱ्यांदा दाबलं गेलं. इंग्रजी अक्षर त्यातूनही कसंबसं तगतं. आपलं नाही तगत. वेताळाच्या तोंडच्या फुग्यातला अनुस्वार उडतो, रफार शिरोरेघेत विरघळतो, 'ष' कुठला आणि 'प' कुठला कळत नाही. मराठी इंद्रजाल वाचायचं ते मराठीसाठीच ना?

(पानांच्या फाइलींना 001, 002 अशी नावं नसतील तर कित्येक प्रोग्राम 1 नंतर 10 लावतात. मग खलनायक आधी पकडला जातो आणि चोरी नंतर होते! असो.)

इंद्रजाल 1964 साली निघालं, 1990 साली बंद पडलं. त्या कागदाचं आपल्या पावसाळ्यात काय होतं ते गोंयकाराला सांगायला नको. वाळवी उरलेलं बघते. म्हणजे उद्या हाती राहणार तो स्कॅनच. आणि एक गृहस्थ मला अभिमानानं सांगतात, "पीडीएफ केल्या, मूळ फाइली पुसल्या, जागा वाचली." अहो, कसली जागा?

घरच्या वडीलधाऱ्यांना फोनवर पीडीएफच उघडता येते, हे मान्य. त्यांच्यासाठी जरूर करा. पण मूळ पुसण्याआधी एकच फुगा चौपट मोठा करून दोन्हीकडे वाचून बघा.