पिल्लाच्या थाळीतील कच्चे मांस

घरी आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला कच्चे मांस व कच्ची हाडे घालावीत, तोच त्याचा निसर्गदत्त आहार होय, हा विचार महानगरांतून आता आपल्या आदिलाबादपर्यंत येऊन पोहोचला आहे. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ मधील पुस्तकाने तो जगभर नेला. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून त्याचे अन्नही लांडग्याचेच असावे, असे त्यामागील तर्कशास्त्र. परंतु हजारो वर्षे माणसाच्या दाराशी भाकरतुकडा खाऊन कुत्रा बदलला आहे. पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

मांस नको, असे मुळीच नव्हे. प्रश्न कच्चेपणाचा आहे आणि प्रमाणाचाही. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते. केवळ त्यावर वाढणाऱ्या पिल्लाचे शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. हाडे ठिसूळ होतात, पाय वाकतात. उलट, हाडांचा अतिरेक झाला तर मोठ्या जातीच्या लहान पिल्लांना जादा कॅल्शियम शोषून घेणे रोखता येत नाही आणि सांगाड्याची वाढ बिघडते. हाडाच्या तुकड्याने दात तुटणे, अन्ननलिका वा आतडे अडणे हे धोके निराळेच. शिजवलेले हाड तर फुटून अणकुचीदार होते. तेही देऊ नये.

मात्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण वेगळे आहे. पिल्लाच्या थाळीत जे पडते, ते घरातल्या माणसांपर्यंत पोहोचते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांसाठीच्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले. १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया आढळला. पिल्लू स्वतः ठणठणीत दिसत असतानाही त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला बाहेर पडू शकतो. ते पिल्लू मुलांच्या अंगावर खेळते, त्यांची तोंडे चाटते. फ्रिजमध्ये गोठवल्याने हे जंतू मरतीलच, असे नाही.

आपल्या भागात याहून जुना धोका आहे तो हायडॅटिडचा. मटणाच्या दुकानातील पुटी असलेली कच्ची कलेजी किंवा फोपसा कुत्र्याने खाल्ला, की त्याच्या आतड्यात एकायनोकॉकस हा जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी वाढतो. सुमारे सहा-सात आठवड्यांत त्याची अंडी विष्ठेतून पडू लागतात, केसांनाही चिकटतात. हात न धुता जेवणाऱ्या मुलाच्या पोटात ती जातात; यकृतात वा फुफ्फुसात पुटी वर्षानुवर्षे निमूटपणे वाढते आणि एखाद्या दिवशी सोनोग्राफीत अवचित दिसते. तोवर कुत्र्याची आठवणही कुणाला राहिलेली नसते. न्यूझीलंडने १९५९ मध्ये हायडॅटिडविरोधी कायदा केला, कुत्र्यांना कच्चे अवयव घालणे थांबविले, नियमित जंतनाशक दिले आणि २००२ मध्ये तो देश या रोगापासून तात्पुरता मुक्त घोषित झाला. मार्ग लांबचा, पण चालता येण्याजोगा आहे.

बर्ड फ्लूनेही आता नवा इशारा दिला आहे. आपल्या शेजारच्या नागपुरात, गोरेवाडा येथील बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ व एक बिबट्या दगावले. तपासणीत एच५एन१ विषाणू आढळला. कच्च्या मांसातून संसर्ग झाला असावा, असा संशय व्यक्त झाला. जंगलच्या राजालाही कच्चे मांस निर्धोक उरले नसेल, तर अंगणातील पिल्लाची काय कथा!

म्हणून पालकांना विनंती : पिल्लाला मांस द्या, पण पूर्ण शिजवून आणि हाडे काढून, जोडीला भात, भाकरी, उकडलेले अंडे असो. मात्र घरच्या अन्नातील कॅल्शियमचा हिशेब पशुवैद्याकडून करून घ्या, कारण भात-मांसानेही तो भागत नाही. कच्ची कलेजी व फोपसा कदापि नको. जंतनाशकात प्राझिक्वांटेल आहे की नाही, हेही विचारा. प्रत्येक औषध पट्टकृमीवर चालत नाही.

आणि सहकारी डॉक्टरांना आग्रह : जुलाब-तापाचे मूल असो वा यकृतातील पुटी, रोगवृत्तांत घेताना एक प्रश्न वाढवावा, "घरी कुत्रा आहे का, आणि तो काय खातो?" पुटीत सुई घालण्यापूर्वी तर हा प्रश्न विचारायलाच हवा. मटणाच्या दुकानांतील टाकाऊ अवयव गल्लीतील कुत्र्यांपुढे न पडता खोल पुरले जावेत, यासाठी नगरपालिकेकडे पाठपुरावा करणे हेही आपलेच काम आहे. माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर यांनी या एका प्रश्नावर तरी एकत्र बसावे.