गाणं लावू नका, प्लीज!

आपल्याकडे कुठलाही छंद सुरू करायचा म्हणजे आधी खरेदी करायची असते. पळायचंय? आधी बूट. ट्रेकला जायचंय? आधी सॅक. आणि फोनवर छोटे व्हिडिओ काढायचेत? मग रिंग लाइट, ट्रायपॉड, गिंबल, कॉलरला लावायचा माइक आणि वर 'तीस दिवसांत रील मास्टर' छापाचा एखादा कोर्स. एवढं सगळं घरी आलं की मंडळी पहिला व्हिडिओ काढतात, त्याचा आवाज शून्यावर नेतात आणि वर त्या आठवड्यात चालू असलेलं गाणं चिकटवतात!

माझं भांडण खरेदीशी नाही. तुमचा पगार, तुमचे पैसे. भांडण आहे ते त्या शेवटच्या पायरीशी. नवशिक्याने सगळ्यात आधी आवाज नीट घ्यायला शिकलं पाहिजे. आपण सगळ्यात आधी शिकतो तो आवाज पुसायला.

जरा मागे जाऊ. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिल्म्स दाखवल्या गेल्या. एकेक फिल्म जेमतेम ५० सेकंदांची, म्हणजे आजच्या रीलएवढीच. कॅमेरा एका जागी ठेवलेला. झूम नाही, कट नाही. गाडी स्टेशनात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, बस्स. १८९९ मध्ये सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईतच हँगिंग गार्डनला झालेली कुस्ती चित्रित केली. या लोकांकडे एकच गोष्ट नव्हती, आवाज. आपल्याकडचा पहिला बोलपट 'आलम आरा' आला १४ मार्च १९३१ ला. तोवर जवळपास ३५ वर्षं गेली होती. त्या कुस्तीत शड्डू कसा घुमला, बघे काय ओरडले, हे आता कुणालाही कधीच कळणार नाही. त्यांचा नाइलाज होता हो. आपला काय नाइलाज आहे? कॅमेरा आणि माइक दोन्ही खिशात आहेत, आणि आपण एका बोटाने १८९६ मध्ये परत जातो.

मध्यंतरी एका मित्राने गावाकडचा व्हिडिओ दाखवला. त्याची आजी जात्यावर दळतेय. उजेड सुंदर, फ्रेम सुंदर. आजी ओवी म्हणतेय हे तिच्या ओठांवरून कळतं. ऐकू येतं मात्र ढिंच्यॅक पंजाबी गाणं. मी विचारलं, "अरे, ओरिजनल कुठाय?" तर म्हणे, "डिलीट केला यार, स्टोरेज फुल होतं."

आता याच्याशेजारी हे ठेवून बघा. हेमा राईरकर, गी पॉइत्वाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्रातली गावं पालथी घालून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कित्येक बायकांच्या स्वतःच्या आवाजात टेपवर घेतल्या. आज त्या 'पारी'च्या साइटवर ऐकता येतात. तिथे टेपरेकॉर्डर घेऊन माणसं गावोगाव फिरली, आणि इथे नातू समोर फोन धरून उभा होता तरी आजीचा आवाज गेला.

यावर ठरलेली उत्तरं मला माहीत आहेत. "लोक आवाज बंद करूनच बघतात." मग खाली शब्द टाइप करा की! जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी गाणं तरी कशाला? "गाण्याशिवाय रीच मिळत नाही." बरं. गाणं कॉपीवर लावा, ओरिजनल फाइल वेगळी ठेवा. फक्त अॅपच्या भरवशावर राहू नका. २९ जून २०२० ला भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा ज्यांचे व्हिडिओ फक्त तिथेच होते त्यांच्या तोंडावर दार बंद झालं. व्हॉट्सअॅपवर पाठवतानाही डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते फाइल दाबून बारीक करतं.

आता थोडी इंजिनिअरगिरी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. म्हणून झूम करू नका, चार पावलं चालत जवळ जा. झूमने चेहरा मोठा होतो, आवाज नाही. हातभर अंतरावरून घेतलेला साध्या फोनचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून घेतलेल्या महागड्या फोनपेक्षा चांगला येतो. मुख्य माइकचं भोक बहुतेक फोनवर चार्जिंगच्या खाचेशेजारी असतं. फोन आडवा धरला की नेमका तळहात त्यावर बसतो. पंखा बंद करा. फ्लाइट मोड लावा, नाहीतर ऐन रंगात आल्यावर कुणीतरी पर्सनल लोन विकायला फोन करतो. आधी दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि इअरफोन लावून ऐका. बोलणं संपल्यावरही दोन सेकंद थांबा. शेवटचा शब्द तिथेच कापला जातो.

चित्राचं म्हणाल तर लेन्स पुसा, फोन हलवू नका, झालं. आणि ते फोर-के, साठ फ्रेम्सचं वेड सोडा. आयफोनवर त्याचा एक मिनिट साधारण ४०० एमबी खातो, १०८०पी आणि ३० फ्रेम्सचा साधारण ६० एमबी. शेवटी बघणार आहोत सहा इंची पडद्यावरच. स्टोरेज भरतं ते यामुळे, आणि मग ओरिजनल डिलीट होतात ते त्यामुळे! घरात दिव्यांच्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर तो फोनचा दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, ३० फ्रेम्सशी त्याचा मेळ बसत नाही. २५ फ्रेम्स निवडा किंवा शटर १/५० वर ठेवा. एक पैसाही लागत नाही.

असो. मुद्दा एवढाच की फोन आहे तेवढा पुरे आहे, कमी आहे ती ऐकायची सवय. नाचाचे व्हिडिओ करा, खुशाल करा, तिथे गाणं हवंच. पण माणूस बोलत असेल, भाजी विकत असेल, फोडणी देत असेल, तर त्याच्यावर दुसऱ्याचा आवाज लादू नका. तुमची आई 'लसूण' कसं म्हणते, आजोबा वाक्य अर्धवट सोडून कसे हसतात, हे कुठल्याही लायब्ररीत मिळणार नाही.

या रविवारी घरी गेलात की आईसमोर फोन धरा आणि विचारा, लहानपणी शाळेत कशी जायचीस. ती म्हणेल, "अरे थांब, केस तरी विंचरू दे!" तेही रेकॉर्ड झालेलं असेल. ते कापू नका.