पार्किंगमधला एक कोपरा

गाडी घरी दुरुस्त करायला काय लागतं असं विचारलं, तर लोक पाने, पक्कड, जॅक, यूट्यूब अशी यादी सांगतात. मी आधी जागा सांगतो. आठ बाय सहा फूट पुरे. डोक्यावर छप्पर, हाताशी नळ, एक दिवा, आणि फरशीवर दोन थेंब ऑइल सांडलं तर लगेच ग्रुपवर फोटो न टाकणारे शेजारी. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला मनाईच आहे. चेनला ऑइल सोडायला उकिडवं बसलो तरी वॉचमन येऊन उभा राहतो. त्या बिचाऱ्याला वरून सांगितलेलं असतं.

मनाई उठवा, असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक सोसायटीने एक कोपरा या मनाईतून वगळावा. हे मागणं माझ्या डोक्यात कुठून आलं, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

कंपनीच्या कामासाठी मी काही वर्षं इंग्लंडमध्ये डर्बीला होतो. भाड्याच्या घरामागे एक गॅरेज होतं. तिकडचा माणूस गॅरेजमध्ये कार सोडून सगळं ठेवतो. मी तिथे एक जुनी ट्रायल्सची मोटरसायकल आणून लावली. बीटा टेक्नो, इटालियन, नव्वदच्या दशकातली, २५० सीसी, टू-स्ट्रोक.

ट्रायल्सला आपण सवयीने शर्यत म्हणू, पण वेगाला तिथे काही किंमत नाही. ओढ्यातले गोटे, झाडांची निसरडी मुळं, एखादी उभी घळ असा तुकडा झेंड्या लावून आखलेला असतो. त्यातून पाय न टेकता गाडी बाहेर काढायची. पाय एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन, आणि पडलात किंवा हद्दीबाहेर गेलात तर पाच. ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो जिंकला. (आमच्या शाळेत ही पद्धत असती तर मी हमखास पहिला आलो असतो.) स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमला दर मे महिन्यात या खेळाची सहा दिवसांची स्पर्धा भरते, तिची परंपरा १९०९ पर्यंत मागे जाते. आमच्यासारखे हौशी लोक मात्र रविवारी एखाद्या शेतकऱ्याच्या रानात जमायचे. त्यात एक निवृत्त पोस्टमन, शाळेतली पोरं आणि दाताच्या डॉक्टरीणबाईही असत.

ही गाडी उभ्यानेच चालवतात, त्यामुळे सीट नावापुरती. वजन ८० किलोच्या आसपास. मागच्या चाकात हवा ४ ते ५ पीएसआय. आपल्याकडे एवढी हवा म्हणजे पंक्चरच. नेहमीच्या गेजचा काटा तिथे नीट हलतसुद्धा नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा लागतो.

मला सांगायचंय ते मात्र रविवार संध्याकाळचं. गाडी चिखलाने माखलेली असते आणि ती तशीच ठेवता येत नाही. मागच्या शॉकॲब्सॉर्बरखाली लिंकेज असतं, त्यातली नीडल बेअरिंग्ज पाणी धरून बसतात आणि बघता बघता गंजतात. म्हणून पाण्याचा फवारा जोरात मारायचा नाही. मऊ ब्रशने धुवायचं, कोरडं करायचं, आणि अधूनमधून लिंकेज उतरवून जुनं ग्रीस पुसून नवं भरायचं.

आणि एअर फिल्टर. या गाडीचं आयुष्य त्या फोमच्या तुकड्यावर अवलंबून. पेट्रोलमध्ये बुडवला तर जोडाचा गोंद सुटतो, म्हणून साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा. पिळायचा नाही, मुठीत दाबायचा, कारण पिळला की जोड फाटतो. पूर्ण वाळला की त्याला फिल्टरचं चिकट ऑइल चोळायचं, रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत. जास्तीचं ऑइल दाबून काढायचं. बसवण्याआधी कडेला ग्रीसची बारीक रेघ ओढायची, म्हणजे फटीतून धूळ आत जात नाही. टू-स्ट्रोकमध्ये बाहेरची हवा थेट क्रँककेसमधून वर जाते, त्यामुळे चिमूटभर वाळू आत गेली तरी बेअरिंग, पिस्टन, बोअर सगळ्यांचा निकाल लागतो. एवढं काम गॅरेजवाल्याने करावं, ही अपेक्षाच चुकीची. रविवारी रात्री आठ वाजता तुमचा फिल्टर धुवायला कोण बसणार आहे?

या गाड्या बनवणारेही मालक गाडी उघडणार हे गृहीत धरतात. मोजक्या मापांच्या पान्यांत बहुतेक गाडी सुटते. सुट्या भागांची चित्रं नंबरांसह मिळतात. खेळाचा इतिहासही अशाच कामाने भरलेला आहे. बेलफास्टच्या सॅमी मिलरने आपल्या ५०० सीसी एरियलचं वजन वर्षानुवर्षं कापून, घासून कमी केलं. हे करणाऱ्या माणसाला स्पेनच्या बुल्टाको कंपनीने १९६४ साली बोलावलं आणि त्यातून शेर्पा टी ही हलकी टू-स्ट्रोक तयार झाली. पुढच्याच वर्षी मिलरने तिच्यावर फोर्ट विल्यमची स्पर्धा जिंकली आणि जड फोर-स्ट्रोकचे दिवस भरले.

त्या जड गाड्यांत आपली बुलेटही होती. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ साली हीच स्पर्धा रॉयल एनफिल्डवर जिंकली होती. त्या आठवणीखातर २०१९ साली आपल्याकडे ‘बुलेट ट्रायल्स’ नावाची गाडी बाजारात आली. वर चढवलेला सायलेन्सर, एकच सीट, मागे कॅरिअर, दिसायला झकास. वजन १८० किलोच्या वर. ती घेऊन ओढ्यात उतरणारा मला तरी कुणी भेटला नाही.

इथेच माझं मत सुरू होतं. आपल्याला ट्रायल्सचा तोरा आवडला, पण रविवार संध्याकाळची ती बादली आणि तो ब्रश काही आपल्याकडे आला नाही. आळस हे त्याचं कारण नाही. साताऱ्याला आमच्या वाड्याच्या चौकात वडिलांची राजदूत दिवसभर उघडी पडलेली असायची. आई तुळशीभोवतीची फरशी तेवढी सांभाळा म्हणायची, बाकी कुणाची तक्रार नसे. प्लग घासायला, कार्बोरेटरचं जेट फुंकून साफ करायला मी तिथे शिकलो. वाडा पाडून इमारत झाली आणि चौक गेला. चौकाबरोबर ते कामही गेलं, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कार्बोरेटर उतरवता येत नाही.

आता सोसायटीचं म्हणणं. जळकं ऑइल गटारात जातं, हा आक्षेप खरा आहे आणि मला सगळ्यांत गंभीर वाटतो. कायद्याने वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलं आहे. पण मनाईने तो प्रश्न सुटलेला नाही. ते ऑइल आता कुठल्या तरी टपरीमागच्या मातीत जिरतं, एवढंच. कोपऱ्यात झाकणाचा एक ड्रम ठेवा आणि तो भरला की अधिकृत संकलकाला द्या. आगीची भीतीही रास्त आहे. तेव्हा तळघरात कोपरा नको, उघड्या बाजूला हवा. पेट्रोलने काही धुवायचं नाही, वेल्डिंग नाही, आणि रात्री नऊनंतर ठोकाठोक नाही. कुणी बाहेरच्या गाड्या आणून धंदा मांडेल, ही तिसरी शंका. त्यावर उपाय म्हणजे रहिवाशांच्याच नावावर असलेल्या गाड्या, असा साधा नियम.

कुणी म्हणेल, आता विजेच्या गाड्या आल्या, ऑइलच उरणार नाही. मग या गाड्यांचे ब्रेक पॅड काय आपोआप बदलतात? आणि चार्जिंग पॉइंटसाठी पार्किंगमध्ये जागा निघालीच ना? नवीन गाडीचं इंजेक्शन, सेन्सर यांना घरी हात लावू नये हे मलाही मान्य आहे. २०२० साली बीएस-६ आल्यापासून स्कॅनरशिवाय त्यातलं पान हलत नाही, आणि हवा स्वच्छ राहत असेल तर त्याबद्दल माझी कुरकुर नाही. पण चेन, ब्रेक, केबल, फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल ही कामं अजून पाना-पक्कडीचीच आहेत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. कंपनीने मॅन्युअल दिलं, सुटे भाग दिले, तरी मी गाडी उघडू कुठे?

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल, अशी काळजी आमच्या मजल्यावरच्या काकांना वाटते. मिस्त्रीला विचारलं तर तो हसला. म्हणाला, “साहेब, चेन साफ करून आणत जा. माझा अर्धा वेळ माती खरवडण्यात जातो.”

सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्याव्या लागतात. आमच्या सभेसाठी मी ठराव लिहून दिला आहे. जनरेटरशेजारी मोडक्या सायकली पडल्या आहेत ती जागा, एक नळ, एक दिवा, एक लोखंडी टेबल, वाळूची बादली आणि ड्रम. दिव्याचं बिल कोण भरणार, असं सेक्रेटरींनी विचारलं आहे. सबमीटर बसवा, वापरणारे वाटून घेतील, असं उत्तर मी त्यांना कळवलं आहे. मोडक्या सायकली कुणाच्या, याचा मात्र अजून पत्ता लागलेला नाही.