कंपनी काढली, हिशेब कोण भरणार?

पोळा आटोपला की गावोगावच्या विकास सोसायट्यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा लागू लागतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला आणखी एक सभा आली आहे, ती म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनीची. निदान कायद्याने ती आली आहे. प्रत्यक्षात किती गावांत ती भरते आणि किती ठिकाणी ती नुसती कागदावर उरकली जाते, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या गावापुरता विचारून पाहावा.

उत्पादक कंपनी ही कल्पना चांगलीच आहे. डॉ. योगिंदर अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि सहकाराचे तत्त्व व कंपनीची चौकट यांची सांगड घातली गेली. दहा शेतकरी एकत्र आले की कंपनी काढता येते. निवडणुकीचे राजकारण नको, सरकारी हस्तक्षेप नको, माल आपला, भाव आपण ठरवू, या आशेने महाराष्ट्रात अशा कंपन्या धडाधड निघाल्या. देशात सर्वांत जास्त आपल्याकडेच आहेत. मग २०२० मध्ये केंद्राची दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आली, राज्याचा ‘स्मार्ट’ प्रकल्प आला. नोंदणी झाली, फलक लागला, फीत कापली, फोटो छापून आले. अडचण सुरू होते ती त्यानंतर पहिल्या ३१ मार्चला.

त्याचे असे आहे की, आपल्या माणसाला सोसायटीची सवय. तिथे दप्तर गटसचिव सांभाळतो, ऑडिटर येऊन तपासून जातो, काही राहिलेच तर तालुक्याला सहायक निबंधकाच्या कचेरीत जाऊन “साहेब, यंदा जरा उशीर झाला” असे सांगता येते. कंपनीला तालुक्यात कचेरी नाही आणि साहेबही नाही. सगळे संगणकावर, आणि संगणकाला पाऊस लांबला, कापूस वेचायचा होता, अध्यक्षांच्या घरी लग्न होते, यातले काहीच कळत नाही. तो दिवस मोजतो.

किती मोजतो, हेही एकदा स्पष्ट सांगितले पाहिजे. वर्षाचा ताळेबंद व नफा-तोटा पत्रक सीएकडून तपासून घ्यायचे. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची. सभेपासून तीस दिवसांत हिशेबाचा फॉर्म, म्हणजे एओसी-४, आणि साठ दिवसांत वार्षिक विवरणपत्र, म्हणजे एमजीटी-७, कंपनी निबंधकाकडे ऑनलाइन दाखल करायचे. अधिकृत भांडवल एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर एका फॉर्मची फी अवघी ३०० रुपये. पण मुदत चुकली की जुलै २०१८ पासून प्रत्येक फॉर्मला दर दिवशी १०० रुपये जादा फी लागते आणि तिला वरची मर्यादाच नाही. वर्षभर दोन्ही फॉर्म राहिले तर ७३ हजार रुपये. समजा, तीन वर्षांचे कागद राहिले आणि शेवटच्याला वर्ष उलटून गेल्यावर कंपनी भरायला गेली, तर हा आकडा ४ लाख ३८ हजारांवर जातो. तीनशे सभासदांनी हजार-हजार रुपये भरून जमवलेले भांडवल असते तीन लाख!

पुढचे त्याहून वाईट. सलग तीन वर्षे हिशेब किंवा विवरणपत्र दाखल झाले नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ मध्ये केंद्राने बंद पडलेल्या कंपन्यांविरुद्ध मोहीम काढली तेव्हा दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली गेली आणि सुमारे तीन लाख संचालक अपात्र ठरले. मोहिमेचा रोख होता काळा पैसा फिरवणाऱ्या बनावट कंपन्यांवर. पण कायद्याचे कलम माणूस बघत नाही. शहरातला बनावट कंपनीवाला अपात्र ठरला तर तो मेहुण्याच्या नावाने दुसरी कंपनी काढतो. गावातले पाच-सात धडपडे शेतकरी अपात्र ठरले, तर त्या गावात पुन्हा कोणी अशा भानगडीत पडत नाही.

“आमचा धंदाच झाला नाही, मग हिशेब कसला?” हे वाक्य फार ऐकू येते. ते चुकीचे आहे. एक रुपयाची उलाढाल नसली तरी ताळेबंद करावा लागतो, सीएची सही लागते, सभा लागते, फॉर्म लागतात. दुसरे वाक्य, “शेतकऱ्याच्या कंपनीला कर नसतो.” २०१८ च्या अर्थसंकल्पाने १०० कोटींच्या आतल्या उलाढालीच्या उत्पादक कंपन्यांना पात्र व्यवसायाच्या नफ्यावर पूर्ण वजावट दिली होती, ती २०२३-२४ या आर्थिक वर्षाबरोबर संपली, आणि होती तेव्हाही वेळेत आयकर विवरणपत्र भरणाऱ्यालाच ती मिळत असे.

खरी गाठ मात्र फॉर्मपाशी नसून वहीपाशी आहे. सोयाबीन, तूर खरेदी केली तर वजनाची पावती कुठे आहे? हमाली, बारदाना, ट्रकभाडे कोणत्या खात्यावर टाकले? खताच्या दुकानाची उधारी कोणाकडे किती? शेअरचे पैसे रोखीने घेतले, त्याची पावती दिली का, भाग दाखले वाटले का? अनुदानाचा हप्ता आला तो उत्पन्नात धरला की वेगळा ठेवला? अध्यक्षाने स्वतःच्या खिशातून दिलेले वीस हजार कर्ज होते की उसने? या गोष्टी त्या त्या दिवशी लिहिल्या तर पाच मिनिटांचे काम. दीड वर्षाने सीएपुढे बसून आठवायच्या म्हटल्या तर भांडणे होतात, आणि मग सीए जे बसेल ते बसवून देतो. अशा ताळेबंदावर बँक कर्ज देत नाही, तिला दोष देता येत नाही.

आणखी एक रोग आहे. संचालकांच्या डिजिटल सह्या असलेली ती पेनड्राइव्हसारखी वस्तू आणि तिचा पासवर्ड, दोन्ही तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये पडून असतात. आपल्या नावाने काय दाखल झाले आणि काय राहिले, हे संचालकाला ठाऊकच नसते. सही ही घराच्या किल्लीसारखी. ती दुसऱ्याच्या हाती देऊन झोपायचे आणि नंतर “आम्हाला काही सांगितलेच नाही” म्हणायचे, हे चालणार नाही. कायद्यापुढे उत्तर द्यायचे ते संचालकाला, सल्लागाराला नाही.

दोष सगळा शेतकऱ्याच्या माथी मारावा असे मात्र आम्हाला वाटत नाही. केंद्रीय योजनेत एका संघटनेला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत आहे, व्यवस्थापकाचा व हिशेबनिसाचा पगार त्यातून निघतो. तीन वर्षे संपली की हिशेबनीस जातो आणि कंपनीपुढचे फॉर्म तसेच राहतात. नोंदणी करून देणाऱ्या संस्थेचे उद्दिष्ट नोंदणीचे. ते पुरे झाले की ती पुढच्या गावाला जाते. वर्षाकाठी सीएची फी, अंतर्गत तपासणीची फी, फॉर्म भरण्याची मजुरी मिळून जो खर्च येतो, तो निघेल इतका धंदा नसलेल्या कंपन्या का काढल्या, हा जाब कंपनी काढायला लावणाऱ्यांनाही विचारायला हवा. एकाच तालुक्यातल्या आठ-दहा कंपन्यांनी मिळून एक चांगला हिशेबनीस ठेवला तर हा बोजा पुष्कळ हलका होईल. कृषी विभागाने आणि ‘आत्मा’ने शेतीशाळा घ्याव्यात, तशी हिशेबाचीही शाळा घ्यावी.

जादा फीबद्दल तर सरकारने फेरविचार करायलाच हवा. २०२० च्या दुरुस्तीने संसदेने मान्य केले की उत्पादक कंपनीला मोठ्या कंपनीइतका दंड लावू नये. कलम ४४६ ब खाली अशा कंपन्यांना दंड निम्म्यापेक्षा जास्त लावता येत नाही. पण रोजचे १०० रुपये ही ‘दंड’ नसून ‘फी’ आहे, म्हणून ती सवलत तिला लागू नाही. हा शब्दांचा खेळ झाला. दंडाला मर्यादा आणि फीला नाही, असा न्याय शेतकऱ्याला कोण समजावून सांगणार? आपल्या भागाच्या खासदारांनी हा एक मुद्दा जरी लोकसभेत नेटाने मांडला, तरी पुष्कळ कंपन्यांचा जीव वाचेल.

सभासदांनाही दोन गोष्टी माहीत असाव्यात. सभेची नोटीस चौदा दिवस आधी मिळाली पाहिजे आणि तिच्यासोबत तपासलेला ताळेबंद व नफा-तोटा पत्रक आले पाहिजे, मागाहून नव्हे. कोरम एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश. तीनशे सभासद असतील तर पंच्याहत्तर माणसे सतरंजीवर खरोखर बसली पाहिजेत. सह्यांचे रजिस्टर घरोघर फिरवणे म्हणजे सभा नव्हे. ताळेबंद इंग्रजीत असेल तर सीएला किंवा व्यवस्थापकाला मराठीत वाचून दाखवायला सांगावे. त्यात लाज कसली? पैसे आपले आहेत.

सभा ३० सप्टेंबरला झाली तर एओसी-४ ची मुदत ३० ऑक्टोबरला आणि एमजीटी-७ ची २९ नोव्हेंबरला संपते. सप्टेंबर-ऑक्टोबरात सीएंच्या कचेऱ्यांत आयकराच्या कामाची झुंबड असते, गावाकडच्या लहान कंपनीची फाइल तेव्हा सर्वांत खाली जाते. ज्यांच्या वह्या अजून कपाटात आहेत, त्यांनी त्या याच आठवड्यात सीएकडे पोहोचवाव्यात, आणि येताना डिजिटल सहीची मुदत कधी संपते तेही विचारून यावे.