आमदारसाहेबांची खबर आणि गावचे मैदान

पूर्वी सरकारची खबर रयतेला दवंडीने कळत असे. हल्ली नांदेड व लातूर जिल्ह्यांत आमदारसाहेबांचे कार्यअहवाल गुळगुळीत कागदावर छापून घरी येतात. आम्ही त्यांची चेष्टा करीत नाही. निवडून गेलेल्या माणसाने आपण काय केले हे मतदारांस कळवावे, ही रीत चांगलीच आहे. 1948 च्या सप्टेंबरापर्यंत निजामी अमदानीत ज्या मुलखात साध्या सभेसही परवानगी लागे, त्या मुलखाला तर तिची किंमत अधिक. परंतु वाचकहो, तो कागद नीट वाचावा. त्यात बाग असते, कारंजे असते, लोखंडी यंत्रांची खुली व्यायामशाळा असते. गावचे मैदान मात्र शोधूनही सापडत नाही.

सहस्रकुंडाचा धबधबा, कंधार व उदगीरचे किल्ले, खरोशाची लेणी येथे रस्ता, सावली व पिण्याचे पाणी व्हावे. परगावचे लोक आले तर चहावाल्यास व बुरडासही दोन पैसे मिळतील. यास कोण नाही म्हणेल? पण कुणब्याच्या, कुंभाराच्या, चांभाराच्या पोरास सहल वर्षातून एकदा घडली तर घडली. त्याला रोज संध्याकाळी लागते ती गावाजवळची मोकळी जागा.

कोणी म्हणतात, शेतकरी दिवसभर राबतोच, त्याला खेळ कशाला? घाण्याचा बैलही दिवसभर चालतो. म्हणून तो हवा खाऊन आला असे कोणी म्हणत नाही. कष्ट वेगळे आणि खेळ वेगळा. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडाभोवती जो समाज लोटतो, तो काय रिकामटेकड्यांचा असतो? निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले आणि सतपालसारख्या मल्लास त्यांनी हरविले. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू छत्रपतींनी 1912 साली रयतेसाठी उभे केले होते. राजाने मैदान बांधले आणि पुढे खेड्यापाड्यांतील गड्यांनी ते गाजविले.

आज काय दिसते? पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे पहाटेच्या काळोखात मोटारींच्या रस्त्यावर धावतात. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते, आणि गावात शंभर मीटर सरळ जागा नाही. मुलींची अडचण दुहेरी. अंधारात त्यांना घरचे सोडीत नाहीत आणि उजेडात रस्त्यावर गाड्या. कोणा घरचे लेकरू मोटारीखाली सापडले म्हणजे मग अहवालात सांत्वनभेटीचे चित्र छापणार काय?

पैसा नाही म्हणावे तर तसेही नाही. 2022 च्या अर्थसंकल्पात आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी केला गेला. नांदेडात विधानसभेच्या 9 जागा व लातुरात 6. म्हणजे दोन जिल्ह्यांचे वर्षाला 75 कोटी झाले. शिवाय 2016 साली ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे कारंज्यापेक्षा मैदान पुष्कळ स्वस्त पडते. रूळ फिरवावा, कडेने लिंब लावावेत, झाले.

कायदाही आहे. जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 22 प्रमाणे कलेक्टरास गुरचरण, खळवाडी, बाजार, स्मशान व इतर सार्वजनिक कामांसाठी जमीन राखून ठेवता येते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेस खेळाचे मैदान सांगितले आहे. 2011 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गावाची सामाईक जमीन बळकावू देऊ नका असे बजाविले, आणि त्याच वर्षी 12 जुलैस राज्य सरकारने गायरानाविषयी निर्णय काढला.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गायरान मोकळे करा म्हटले की पहिली कुऱ्हाड भूमिहीनाच्या झोपडीवर पडते, आणि धनवंताचे कुंपण जागच्या जागी राहते. दादासाहेब गायकवाडांनी 1959 व 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच पोटाच्या जमिनीसाठी. पुढे 1991 च्या नोव्हेंबरात सरकारने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची वहिवाट कायम करण्याचे ठरविले. ती भाकरी हिसकावून मैदान करू नये. पोरांच्या खेळासाठी कोणाची चूल विझविणे आम्हांस मान्य नाही. आधी कुंपणवाल्यांची मोजणी व्हावी.

आमदाराचे खरे काम निधी वाटण्याचे नव्हे, कायदेमंडळात तोंड उघडण्याचे आहे. आपल्या मतदारसंघातील किती गावांस मैदान आहे, किती शाळांस नाही, हा तारांकित प्रश्न त्यांनी विचारावा व मिळालेले उत्तर पुढील अहवालात जसेच्या तसे छापावे. तुम्हीही स्वस्थ बसू नका. येत्या ग्रामसभेत मैदानाच्या जागेचा सातबारा मागा आणि तलाठ्याकडून गायरानाचा गट नंबर लिहून घ्या. ज्या गावचे वाचक हे करतील त्यांनी गावाचे नाव व मैदानाचे क्षेत्र आम्हांस कळवावे. शून्य असेल तर शून्य लिहावे. ती यादी आम्ही याच पानावर छापू आणि पंधराही आमदारसाहेबांना पाठवू.