दुर्बीण होती, म्हणून दिसलेच असतील?

गोवामुक्तीच्या लढ्यात पेडणे-डिचोलीच्या सीमेवरून पत्रके, निरोप आणि माणसे चोरवाटांनी गोव्यात गेली, या आठवणी म्हणजे उतारवयातल्या फुशारक्या, असा शोध एका विद्वानांनी लावला आहे. म्हणणे एवढेच: सडा उघडा, पाखल्याच्या, म्हणजे पोर्तुगीज शिपायाच्या, हाती दुर्बीण, मग मैलावरचा माणूस सुटेल कसा? पुरावा म्हणून १५ ऑगस्ट १९५५ची पत्रादेवी. सत्याग्रही दिसले, गोळ्या खाल्ल्या.

पत्रादेवीचे आधी उरकतो. ते सत्याग्रही उजेडी, उघड आले. दिसावे म्हणूनच आले. लपणाऱ्यांविरुद्ध न लपणाऱ्यांची साक्ष काढणे, हे कोणते न्यायशास्त्र?

दुर्बीण मात्र मला सोडवत नाही. किलोमीटरभर अंतरावरचा माणूस निकोप डोळ्याला दिसू शकतो, कबूल. पण नजर नेमकी त्याच्यावर रोखलेली असेल तर. स्पष्ट दिसते ते हात लांब करून धरलेल्या अंगठ्याएवढ्याच भागात. बाकीचा डोंगर डोळ्याच्या कडेला असतो, आणि कडेला आकार धूसर होतात. लक्ष वेधते ती हालचाल. दुर्बीण ही कडच कापून टाकते! योहान्सन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवले, की अंधारात सांध्यांवरचे दहाबारा ठिपके चालू लागले की माणूस क्षणात ओळखू येतो. थांबले की नुसते ठिपके. करवंदीच्या जाळीशी निश्चल बसलेल्याचेही तेच. आडवा चाललेला चटकन कळतो, समोरून सरळ येणारा उशिरा. आषाढात तर वाऱ्यापावसाने अख्खी काजूची बाग हलत असते. त्यात हललेली एक फांदी की खांदा, हे विद्वानांनी आरामखुर्चीतून ओळखून दाखवावे.

पहारेकरी थकतो, ही वेगळीच बाब. मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १९४८मध्ये मांडलेल्या, सतत नजर ठेवण्याच्या प्रयोगांत पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढल्या होत्या.

याच विद्वानांशी पूर्वी बागेच्या राखणीवरून वाद झाला होता. उंच माळा बांधला की चोर दिसतो, हा त्यांचा सिद्धान्त. माळ्यावर झोपणाऱ्याचा विचार त्यांनी तेव्हाही केला नव्हता.

मग आठवणी सगळ्या खऱ्या? काही फुगल्या असतील. त्या तपासा, पण तिथी कोणती, पाऊस होता का, चढ कोणत्या अंगाने चढले, पहारा कधी बदलला, हे विचारा. अमावास्येची रात्र आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबणे ज्याच्या बोलण्यात येते, त्याच्यावर माझा विश्वास अधिक बसतो. दुर्बीण किती ताकदीची होती, ते शेवटी विचारले तरी चालेल.